विम्याचे कागद कंपनीकडे आणि केस आपली: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात क्लेम नाकारल्याच्या पत्राबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर पोस्टाने, मेलने, व्हॉट्सॲपवर मिळून जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच जागी अडकलेले निघाले. कागद कंपनीच्या ताब्यात आहेत, केस आपल्याला लढायचीय, मग ते कागद बाहेर काढायचे कसे? मी स्वतः बावीस वर्षं एका विमा कंपनीत काढली, आधी क्लेम्सला आणि नंतर लीगलला, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूला काय चालतं ते मला माहीत आहे आणि ते सांगितलंच पाहिजे असं वाटतं. यावेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. माझे मिस्टर हार्ट अटॅकने गेले, पॉलिसी घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती. कंपनीने क्लेम नाकारला, म्हणतात की फॉर्म भरताना शुगर लपवली. फॉर्म एजंटने आमच्याच घरी बसून इंग्रजीत भरला, मिस्टरांनी खाली मराठीत सही केली एवढंच. फॉर्मची कॉपी आमच्याकडे नाही. शाखेत गेलं की रेकॉर्ड मुंबईला गेलंय म्हणतात. वकीलसाहेब म्हणतात आधी फॉर्म आणा. कुठून आणू? — एक भगिनी, बार्शी

उत्तर: ताई, सगळ्यात आधी घरातला पॉलिसी बाँड पुन्हा उघडा आणि शेवटची पानं बघा. हे मी उगाच सांगत नाही, प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाची, कॉपी पॉलिसीधारकाला द्यायची हा नियम आहे आणि बऱ्याचदा ती बाँडच्या मागेच बारीक अक्षरात छापलेली असते, घरच्यांनी कधी तिथपर्यंत पानं उलटलेली नसतात. मिस्टरांच्या मेलवर पॉलिसीची पीडीएफ आली असेल तर तीही बघा, मोबाईल बंद करून टाकला असेल तर सिम चालू करून घ्या.

तिथे नसेल तर मागायचं, आणि लेखी मागायचं. विमा कायदा १९३८ मधल्या कलम ५१ प्रमाणे प्रपोजलमधले प्रश्न, त्यांची उत्तरं आणि मेडिकल रिपोर्ट यांच्या सर्टिफाइड कॉपी मागायचा हक्क पॉलिसीधारकाला आहे. आता तुमचे मिस्टर हयात नाहीत, त्यामुळे तुमच्यासाठी त्याहून कामाचं आहे ते कलम ४५. सगळे वकील या कलमातलं फक्त तीन वर्षांचं वाक्य सांगतात, म्हणजे तीन वर्षं उलटली की पॉलिसीवर कुठल्याही कारणाने शंका घेता येत नाही, २०१५ च्या दुरुस्तीनंतरचा हा नियम. तुमच्या केसमध्ये तीन वर्षं झाली नव्हती म्हणून कंपनीला दार उघडं आहे. पण त्याच कलमात असंही लिहिलंय की नाकारताना कारण काय आणि ते कुठल्या कागदांवर आधारलंय हे दोन्ही वारसाला किंवा नॉमिनीला लेखी कळवायचं. कारण तुम्हाला कळवलं, कागद कळवले का? नाकारल्याच्या पत्रात ‘आमच्याकडील पुराव्यानुसार’ एवढंच असेल तर तो पुरावा कोणता ते विचारायचा तुमचा हक्क आहे.

अर्जात ‘सर्व कागदपत्रं द्या’ असं कधीच लिहू नका. असा अर्ज आमच्या टेबलावर यायचा तेव्हा त्याला चार ओळींचं गोलगोल उत्तर जायचं आणि विषय संपायचा. एकेक कागद नावाने मागा. प्रपोजल फॉर्म सगळ्या पानांसकट, एजंटचा कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट, मेडिकल झालं असेल तर त्या डॉक्टरचा रिपोर्ट, मॉरल हॅझार्ड रिपोर्ट (ग्राहकाच्या सवयी, उत्पन्न वगैरेंबद्दलचा) असेल तर तो, अंडररायटिंग शीट (विमा द्यायचा की नाही हे ठरवतानाची टिपणं), क्लेमनंतर नेमलेल्या इन्व्हेस्टिगेटरचा रिपोर्ट, आणि ज्या हॉस्पिटलच्या कागदावरून शुगरचा शोध लागला तो कागद. वर पॉलिसी नंबर, मृत्यूची तारीख, नाकारल्याच्या पत्राचा नंबर आणि तारीख. एक प्रत शाखेत देऊन पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह, एक स्पीड पोस्टाने हेड ऑफिसच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला आणि तीच मेलवर. रेकॉर्ड मुंबईला गेलं असेल तर जाऊ दे, ते कंपनीचंच आहे, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं म्हणून तुमचा हक्क जात नाही.

फॉर्म हातात आला की एक जागा आधी बघा. सही मराठीत आणि फॉर्म इंग्रजीत असेल तर फॉर्म भरणाऱ्याने वेगळं डिक्लरेशन द्यायचं असतं की मी मजकूर त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला. ती जागा कोरी आहे का, तिथे सही कुणाची आहे, तारीख कुठली आहे. फक्त ‘एजंटने भरला, आम्हाला माहीत नव्हतं’ एवढ्यावर विसंबू नका, कारण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेखाबेन राठोड यांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की न वाचता सही केली म्हणून सहसा सुटका होत नाही. हे कडू आहे पण आत्ताच कळलेलं बरं, म्हणून तर कोऱ्या डिक्लरेशनचा कागद हातात असणं इतकं महत्त्वाचं.

आणि हॉस्पिटल. कंपनीचा सगळा डोलारा पुष्कळदा एका केसपेपरवर उभा असतो, ज्यावर कुणीतरी घाईत ‘डीएम (म्हणजे डायबिटीस) पाच वर्षांपासून’ असं लिहिलेलं असतं. ते कुणी सांगितलं, कुठल्या डॉक्टरने लिहिलं, औषध चालू होतं का, त्या डॉक्टरचं ॲफिडेव्हिट आहे का हे सगळं विचारता येतं. तुम्ही स्वतः त्या हॉस्पिटलमधून पूर्ण इनडोअर पेपर, म्हणजे ॲडमिट असतानाचे सगळे कागद, काढा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं, पण ते जपायचं बंधन मात्र तीनच वर्षांचं आहे, त्यामुळे हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

पंधरा दिवसांत कंपनी हलली नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, मग विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोग. लोकपालांची ऑफिसं आपल्याकडे मुंबई, पुणे आणि ठाण्याला आहेत, तिथे एका वर्षाच्या आत जायचं, आयोगाला दोन वर्षं. एकदा आयोगात केस लावली की मग लोकपालांकडे जाता येत नाही, तेव्हा वकीलसाहेबांशी बोलून ठरवा. आयोगात कंपनीने फॉर्म दाखल केलाच नाही तर तो हजर करायचा आदेश मागणारा अर्ज द्या, कागद हजर करून घ्यायचे दिवाणी कोर्टाचे अधिकार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ ने आयोगाला दिलेत. सोबत पोच आलेल्या सगळ्या अर्जांच्या प्रती जोडा. कागद ज्याच्याकडे आहे आणि जो तो दाखवत नाही, त्याच्या विरुद्ध अनुमान काढता येतं हे तत्त्व आपल्याकडे जुनं आहे. कल्याणच्या हाजी मलंग दर्ग्याच्या जमिनीच्या वादात सुप्रीम कोर्टाने १९६८ सालीच सांगून ठेवलंय की पुराव्याची जबाबदारी समोरच्यावर आहे असं म्हणून हातातला महत्त्वाचा कागद दडवून बसता येणार नाही. पण हे अनुमान आपोआप निघत नाही हो ताई, तुम्ही मागितला होता हे आधी दिसावं लागतं.

प्रश्न: सर/मॅडम, भावाचा टेम्पोने धडक देऊन अपघाती मृत्यू झाला, एमएसीटीत (मोटार अपघात दाव्यांच्या ट्रिब्युनलमध्ये) क्लेम टाकलाय. टेम्पोमालक म्हणतो पॉलिसीचा कागद हरवला, नंबर आठवत नाही, त्याने एका कंपनीचं नाव सांगितलं. त्या कंपनीचे वकील कोर्टात म्हणतात आमच्या रेकॉर्डला अशी पॉलिसी सापडत नाही. आता कोण खरं? — नेवासा

उत्तर: भाऊ, ‘सापडत नाही’ आणि ‘काढलीच नव्हती’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत, त्यांच्या वकिलांना यातलं नेमकं कुठलं म्हणायचंय ते लेखी कैफियतीत येऊ द्या. पॉलिसी नंबर नसला तरी गाडीचा नंबर आहे ना, तो पुरतो. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा कंपनीचं नाव आणि मुदत दिसते, पण ती आजची असते, तुम्हाला पाहिजे अपघाताच्या दिवशीची. त्यासाठी हैदराबादच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोच्या साइटवर व्ही सेवा नावाची सोय आहे, तिथे शोधा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे अपघातातल्या गाडीची आणि विम्याची माहिती आरटीओने आणि पोलिस स्टेशनने देणं बंधनकारक आहे, तुम्ही साधा अर्ज करा. पोलिसांनी पंचनाम्याच्या वेळी कागद जप्त केले असतील तर दोषारोपपत्राच्या नकलेत मिळतील, आणि २०२२ च्या नियमांपासून अपघाताचा जो डिटेल्ड रिपोर्ट ट्रिब्युनलला जातो त्यात विम्याचा रकाना असतो, तो बघा.

आरटीओला फिटनेस किंवा परमिटच्या वेळी जोडलेली विम्याची झेरॉक्स पडलेली असते, तिथून माझ्या माहितीत पुष्कळ जणांना नंबर मिळालाय. नंबर मिळाला की कंपनीच्या अधिकाऱ्याला कागदपत्रांसह साक्षी समन्स काढायला सांगा, नुसत्या वकिलांच्या तोंडी सांगण्यावर थांबू नका. जुगल किशोर यांच्या १९८८ च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार अपघाताबद्दलच सांगितलंय की पॉलिसीचा आधार घेऊन जबाबदारी टाळायची असेल तर कंपनीने पॉलिसी कोर्टात दाखल केलीच पाहिजे. आणि ज्यांनी अजून क्लेमच टाकला नाही त्यांच्यासाठी, १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय, कागद गोळा व्हायची वाट बघत बसू नका, आधी क्लेम दाखल करा, कागद मागाहून जोडता येतात.

प्रश्न: आजोबांची एलआयसीची जुनी पॉलिसी होती असं आजी सांगायची. भाऊबंदकीत वारसाचा दावा चालू आहे. पॉलिसी नंबर नाही. आरटीआय टाकता येईल का? — कुडाळ

उत्तर: येईल, एलआयसी आणि चारही सरकारी जनरल विमा कंपन्या माहिती अधिकारात येतात. खासगी कंपन्या येत नाहीत, तिथे वर बार्शीच्या ताईंना सांगितलेला रस्ता. दहा रुपये फी, तीस दिवस, नाही मिळालं तर पहिलं अपील. आजोबांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, गाव, ते कुठे नोकरीला होते ते सगळं लिहा, कारण पगारातून हप्ता कापला जात असेल तर ऑफिसच्या जुन्या वेतनपटात नंबर सापडतो. मृत्यूचा दाखला आणि तुम्ही वारस असल्याचा पुरावा जोडा, नाहीतर ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून परत येईल. त्याआधी एलआयसीच्या साइटवर दावा न केलेल्या रकमांचा शोध असतो तो करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पॉलिसी १ सप्टेंबर १९५६ च्या आधीची असेल तर ती कदाचित दुसऱ्याच कंपनीच्या नावाची असेल, त्या दिवशी २४५ कंपन्या आणि सोसायट्यांचा कारभार मिळून एलआयसी झाली, तेव्हा आजींच्या ट्रंकेत वेगळ्या नावाची पावती दिसली तर फेकू नका.

प्रश्न: मॅडम मी एका विमा कंपनीच्या लीगल सेलला आहे, अजून नवीनच. आमचे जुने कागद भिवंडीच्या गोडाऊनला जातात, बॉक्समध्ये, बाहेरच्या एजन्सीकडे. स्कॅन झालेलं आहे म्हणून सीनियर म्हणतात ओरिजिनल ठेवायची गरज नाही. मागच्या महिन्यात एका केसमध्ये आम्ही सिस्टिममधून प्रिंट काढून दिली तर समोरच्या वकिलांनी हरकत घेतली सर्टिफिकेट कुठाय म्हणून. नक्की काय ठेवायचं, कसं ठेवायचं, कुणी सांगतच नाही. — ठाणे

उत्तर: तुझा प्रश्न वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण रेकॉर्डचं काम शिकून घ्यावं असं वाटणारी मुलं कमी असतात आणि तिथेच केस जिंकते किंवा हरते. थोडं लांबेल पण सगळं सांगते.

आधी सर्टिफिकेट. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्यातलं कलम ६३ म्हणजे आधीच्या पुरावा कायद्यातलं पासष्ट-बी. कॉम्प्युटरमधून काढलेली प्रिंट किंवा कॉपी पुरावा म्हणून द्यायची तर सोबत सर्टिफिकेट लागतं, आणि आता त्याचे दोन भाग आहेत, एक त्या सिस्टिमची किंवा कामाची जबाबदारी असणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समज, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तो बदलतो. म्हणून हॅश स्कॅन करतानाच काढून रजिस्टरला नोंदवून ठेवली तर पाच वर्षांनी कोर्टात ‘मधे कुणी बदललं नाही’ हे दाखवता येतं, केस लागल्यावर काढलेली हॅश फक्त त्या दिवसापुरतं सांगते. बँकांना जुना बँकर्स बुक्सचा कायदा आहे, आपल्याला तशी सोय नाही, त्यामुळे बँकेतल्या मित्राचं बघून आपण तसंच करायला जाऊ नये.

हे सर्टिफिकेट सक्तीचं आहे हे ज्या केसमध्ये पक्कं झालं ती आपल्या जालन्याची आहे. २०१४ च्या विधानसभेला तिथे २९६ मतांनी निकाल लागला, आणि उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत भरले की नंतर यावर वाद झाला. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसमधल्या व्हिडिओच्या सीडींचा. सर्टिफिकेट द्यायला कुणी अधिकारी तयार नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा तो निकाल, १४ जुलै २०२० चा. कोर्टाने सर्टिफिकेट पाहिजेच असं ठरवलं, पण निवडणूक हरलेल्या गोरंट्यालांनी ते मिळावं म्हणून पुन्हा पुन्हा लेखी मागणी केली होती, कोर्टाकडेही अर्ज केला होता, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं होतं, म्हणून त्यांच्यापुरती ती अट सैल केली. दोन्ही गोष्टी लक्षात ठेव. कागद ज्याच्या ताब्यात आहे त्याने सर्टिफिकेट द्यायचं, आणि ज्याने मागितलं त्याचं मागणं रेकॉर्डवर असलं की तो वाचतो.

आता ओरिजिनल. सीनियरना माझं नाव सांगून सांग हवं तर, सहीचे कागद फाडू नका, जाळू नका. हप्त्याच्या पावतीच्या काउंटरफॉइल, पाठवलेल्या पत्रांच्या प्रती हे सगळं स्कॅनवर चालून जाईल, पण प्रपोजल फॉर्म, नॉमिनेशन, असाइनमेंट (पॉलिसी दुसऱ्याच्या नावे केल्याचा कागद), डिस्चार्ज व्हाउचर (पैसे मिळाल्याची सहीची पावती), सर्व्हे रिपोर्ट (नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा) ही मंडळी वेगळी. ‘ही सही माझी नाही’ असं कुणी म्हटलं की हस्ताक्षर तज्ज्ञाला शाई आणि पेनचा दाब बघायला मूळ कागद लागतो, स्कॅनवरून तो हात टेकतो. आणि लीगल नोटीस आली त्या दिवशी त्या पॉलिसीच्या सगळ्या कागदांवर ‘नष्ट करू नये’ असा टॅग लागलाच पाहिजे, भिवंडीच्या एजन्सीला मेल गेला पाहिजे, आयटीला मेल गेला पाहिजे, कारण कॉल सेंटरची रेकॉर्डिंग्ज ठरलेल्या दिवसांनी आपोआप पुसली जातात आणि पुष्कळ केसमध्ये ‘मला हे सांगितलंच नव्हतं’ याचं उत्तर त्या रेकॉर्डिंगमध्येच असतं. सर्व्हर कुठला हेही बघून ठेव, २०१५ च्या नियमांपासून पॉलिसी आणि क्लेमचं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड भारतातल्याच डेटा सेंटरला ठेवायचं बंधन आलं.

मग इंडेक्स. माझ्या कंपनीत एका आगीच्या क्लेमची केस चालू होती, छोटा कारखाना, मालक पन्नाशीचे. फाइल सापडेना. बॉक्सवर शाखेचा कोड होता, मधल्या काळात दोन शाखा एक झाल्या, कोड बदलले, इंडेक्स कुणी बदललाच नाही. तीन तारखा गेल्या, आमची पुरावा द्यायची संधी संपली, तरी फाइल नाही. वर्षभराने ती सापडली सागरी विम्याच्या बॉक्समध्ये, आणि तिच्यात सर्व्हेअरचा पहिला कागद होता तो त्या कारखानदाराच्या बाजूचा. म्हणजे फाइल वेळेवर उघडली असती तर पैसे देऊन विषय मिटला असता, तो माणूस तेवढा काळ आयोगाच्या पायऱ्या झिजवत राहिला. मला ते आजही टोचतं. रेकॉर्ड कंपनीला वाचवायला असतं असं ट्रेनिंगला शिकवतात, ते अर्धंच आहे, खरा क्लेम लवकर निकाली काढायलाही तेच रेकॉर्ड लागतं.

म्हणून बॉक्सवर फक्त शाखा कोड नको. पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, वर्ष, केस लागली असेल तर कोर्ट आणि केस नंबर, आणि प्रत्येक बॉक्सच्या आत यादीची एक प्रत. बाहेर गेलेल्या फाइलच्या जागी कार्ड ठेवायचं, कुणी नेली, कधी, कुठल्या तारखेसाठी. पुण्याला पेशवे दफ्तरात मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेत, प्रत्येक रुमालाला नंबर, त्यामुळे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा हिशेबाचा कागद आजही हातात येतो. आपल्याकडे बारकोड आहे, मशीन आहे, आणि पाच वर्षांपूर्वीची फाइल मिळत नाही हे कसं चालेल? पावसाळ्यात एकदा स्वतः भिवंडीला जाऊन ये. खालच्या रॅकला ओल येते, वाळवी भिंतीच्या कडेने चढते, बॉक्स जमिनीवर आणि भिंतीला चिकटून नसावेत. एजन्सीच्या करारात फाइल किती तासांत द्यायची आणि खराब झाली तर जबाबदारी कुणाची हे लिहिलंय का तेही वाच.

प्रश्न: २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं कापडाचं दुकान छपरापर्यंत गेलं. स्टॉक रजिस्टर, बिलबुकं, पॉलिसी, सगळं चिखलात. कंपनीने अर्ध्याहून कमी मंजूर केलं, सर्व्हेअरने एवढाच स्टॉक धरला म्हणतात, रिपोर्ट मात्र देत नाहीत. केस आयोगात आहे. आमच्याकडे दाखवायला कागदच नाहीत हो. — चिपळूण

उत्तर: काका, तुमचे कागद तुमच्याकडे नाहीत पण ते जगातून गेलेले नाहीत. कॅश क्रेडिट (मालावर घेतलेलं बँकेचं कर्ज) असेल तर दर महिन्याला बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंट बँकेत आहेत, जूनअखेरचं आधी काढा, पुराच्या आधीचं ते शेवटचं. पॉलिसीची प्रतही बहुतेक बँकेतच मिळेल कारण हप्ता खात्यातून गेला असणार. जीएसटीची रिटर्न्स पोर्टलवर आहेत. सुरतेचे, इचलकरंजीचे, भिवंडीचे जे व्यापारी तुम्हाला माल देत होते त्यांच्या वहीत तुमचं खातं आहे, त्यांच्याकडून लेजरचा उतारा आणि ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या मागा, त्यावर त्यांची सही शिक्का. सीएकडे मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद असतील, त्यावरून खरेदीतून विक्री वजा करून त्या दिवशी दुकानात किती माल असायला हवा ते मांडता येतं. तलाठ्याचा पंचनामा, नगरपरिषदेची नोंद, आणि तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या मोबाईलमधले त्या दिवसाचे फोटो. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले नकोत, ज्याने काढले त्याच्या मूळ फोनमधले घ्या, त्यात तारीख आणि वेळ टिकून असते, आणि तो फोन विकू नका म्हणून सांगा.

सर्व्हे रिपोर्टची प्रत मागायचा तुमचा हक्क आहे. फक्त फायनल नको, प्रिलिमिनरीही मागा, सर्व्हेअरने काढलेले फोटो मागा, त्याने तुमच्याकडून घेतलेल्या कागदांची यादी मागा. दुसरा सर्व्हेअर नेमला असेल तर तो का नेमला याची लेखी कारणं मागा, पहिल्याचा आकडा आवडला नाही म्हणून सर्व्हेअरवर सर्व्हेअर नेमत जाता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये श्री वेंकटेश्वरा सिंडिकेटच्या केसमध्ये म्हटलंय. त्याच वर्षी प्रदीपकुमार यांच्या केसमध्ये हेही सांगितलंय की सर्व्हे रिपोर्ट महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही, दुसरा पुरावा भारी असेल तर तो बाजूला ठेवता येतो. तो दुसरा पुरावा म्हणजे बँकेतलं ते जूनचं स्टॉक स्टेटमेंट. आयोगात बँक मॅनेजरकडून ते सर्टिफाय करून दाखल करा, नुसती झेरॉक्स नको.

प्रश्न: नमस्कार, मी लेस्टरहून लिहितेय. मामा १९७३ ला इकडे आले आणि सहा-सात वर्षं एका छोट्या फर्ममध्ये बॉयलर आणि पाइपला लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टण, करायचं काम केलं. आता त्यांना मेसोथेलिओमा (ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कॅन्सर) झालाय. फर्म कधीच बंद झाली. सॉलिसिटर म्हणतात त्या काळातली विमा कंपनी शोधावी लागेल. आपल्या माणसांसाठी मराठीत कुणी लिहीत नाही म्हणून विचारतेय. — एक भाची

उत्तर: मामांच्या आजारपणाचं वाचून वाईट वाटलं. ॲस्बेस्टॉसचा हा आजार तीस-चाळीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा वर येतो, तोवर फर्म नसते, मालक नसतो, कधी कधी विमा कंपनीही दुसरीत विलीन झालेली असते. पण जबाबदारी मामा तिथे काम करत होते त्या वर्षांच्या विम्याची, आणि ब्रिटनमध्ये मालकांना कामगारांसाठीचा विमा १९७२ पासून सक्तीचा आहे, म्हणजे मामा गेले तेव्हा तो असायलाच हवा होता. २०११ ला तिथे एम्प्लॉयर्स लायबिलिटी ट्रेसिंग ऑफिस सुरू झालं, फर्मचं नाव आणि वर्षं टाकून त्यांच्या यादीत शोधता येतं. जुन्या सगळ्या पॉलिसी त्यात नाहीत, पण ज्या जुन्या पॉलिसीवर आधी कुणी क्लेम केला त्या चढवलेल्या असतात, त्यामुळे मामांसोबतच्या कुणा कामगाराने पूर्वी केस केली असेल तर नाव निघू शकतं. त्या काळातले सहकारी, गुजराती, पंजाबी, कुणीही, त्यांच्या घरच्यांना फोन करा.

मामा कुठे किती काळ नोकरीला होते याचा इतिहास ब्रिटनच्या करखात्याकडून, म्हणजे एचएमआरसीकडून, मागवता येतो, तो आजच मागवा. विमा कंपनी सापडलीच नाही तर २०१४ पासून सुरू झालेली डिफ्यूज मेसोथेलिओमा पेमेंट स्कीम आहे, २५ जुलै २०१२ ला किंवा त्यानंतर निदान झालेल्यांसाठी. केस करायची मुदत साधारण आजार कळल्यापासून तीन वर्षं धरतात, सॉलिसिटरना नेमकी तारीख विचारून घ्या.

आणि मामांना बोलायला त्रास होत नसेल त्या दिवशी त्यांच्याजवळ बसून सगळं लिहून घ्या. कुठल्या साइटवर काम केलं, सोबत कोण होतं, मास्क दिला होता का, गोण्यांवर काय छापलेलं असायचं, पगार कोण द्यायचा. ते वाचून दाखवून सॉलिसिटरसमोर त्यांची सही घ्या. घरात जुन्या पगाराच्या पाकिटांवर, युनियनच्या कार्डावर, भारतात पाठवलेल्या पत्रांवरसुद्धा फर्मचा पत्ता असू शकतो, त्यांच्या बहिणीकडे म्हणजे तुमच्या आईकडे ती निळी एरोग्राम अजून असतील तर ती आधी बघा.